काळजातला बर्फ



मराठीत काळजाचं काय काय होतं पाहा. ते भीतीनं चरकतं, दुःखानं फाटतं, कुणाची करुण कहाणी ऐकून त्याचं पाणी पाणी होतं, आणि धक्का फारच मोठा असला तर ते गोठतं. आम्ही कवी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या काळीज गोठवत आलो आहोत. त्यासाठी आम्हाला ना पदवी लागली, ना परवाना. आता काळीज म्हणजे नेमकं काय, यातही घोळ आहेच. आमच्या घरी बकरी ईदला जी कलेजी ताटात येते ते असतं यकृत. हृदय हवं असेल तर खाटकाकडे ‘दिल’ मागावं लागतं, आणि तो ते निर्विकारपणे तराजूत टाकतो.

आज मी बोलणार आहे ते मात्र शब्दशः गोठण्याविषयी. माणूस जिवंत आहे, त्याचं हृदय धडधडतं आहे, आणि अशा वेळी मांडीच्या शिरेतून एक लहानसा फुगा आत नेऊन हृदयाच्या भिंतीचा एक पट्टा गोठवायचा, असा उपचार आहे. तो गोठलेला पट्टा किती खोल गेला हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा हिशेब संगणकावर मांडायचा, असं एक शास्त्र आहे. त्याला सिम्युलेशन म्हणतात. आपण रंगीत तालीम म्हणू.

विषय माझा नव्हे. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. पण विषय घरात शिरला की तो आपला होतो. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, तीन वर्षं एका तक्रारीनं हैराण होती. जिना चढताना दम लागायचा. रात्री उशीला कान टेकला की आत कुणीतरी बेताल ढोलकी बडवतंय असं वाटायचं. निदान झालं एट्रियल फिब्रिलेशन. गोळ्यांनी काही काळ जमलं, मग जमेना. तेव्हा डॉक्टर म्हणाले, “मावशी, आता आत जाऊन थोडा भाग गोठवून टाकू.”

आपा त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, “डॉक्टरसाहेब, गोठवलं तर ते बंद नाही पडायचं?”

डॉक्टर हसून “नाही हो” म्हणाले आणि पुढचा पेशंट आत आला. बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना याहून लांब उत्तर देणं कुणाला परवडणार? उत्तर देण्याचं काम आलं माझ्या भाच्याकडे. तो धाकट्या बहिणीचा मुलगा, मेकॅनिकल इंजिनिअर. एम.टेक.ला त्यानं जो प्रकल्प केला तो नेमका असल्याच गोठवण्याच्या गणिताचा. आम्ही तोवर त्याला विचारलंही नव्हतं की बाबा, तू करतोस काय. घरी आम्ही दखनीत बोलतो, पण त्याचं सांगणं इथे मराठीत देतो. तो म्हणाला, “मामू, खालानं फार बरोबर प्रश्न विचारलाय. गोठवलं की ते बंद पडतंच. प्रश्न एवढाच की कायमचं पडतं की तात्पुरतं.”

पुढचे दोन-तीन रविवार मी त्याच्यासमोर वही घेऊन बसलो. जे कळलं ते असं.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात स्नायूंचा एक ठिपका आहे. तो मिनिटाला साठ-सत्तर वेळा विजेची एक सूक्ष्म लाट सोडतो. ती लाट वरच्या कप्प्यांतून पसरते, मधल्या एका चौकीवर क्षणभर थबकते आणि खालच्या कप्प्यांत उतरते. कव्वालीत मागं बसलेली मंडळी एका ठेक्यावर टाळी देतात, तसं सगळं चालतं. फिब्रिलेशनमध्ये वरच्या कप्प्यांतला प्रत्येक जण आपापल्या मर्जीनं टाळी वाजवू लागतो. मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे उलटसुलट लाटा उठतात. कप्पा आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. तिथं रक्त तुंबतं, तुंबलेल्या रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. हा धोका इतरांच्या जवळपास पाचपट असतो. म्हणून असल्या रुग्णांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी देतात.

ही बेताल टाळी सुरू कोण करतो, हे कोडं १९९८ साली बरंचसं सुटलं. फ्रान्समधल्या बोर्दो इथले मिशेल ऐसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांच्या हृदयांत तारा घालून खोडकर ठिणग्यांची ६९ ठिकाणं शोधली. त्यातली ६५ ठिकाणं फुप्फुसांकडून डाव्या वरच्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या आत होती. या शिरा बहुधा चार असतात. हृदयाचा स्नायू शिरेच्या तोंडातून थोडा आत शिरलेला असतो आणि खोडी तिथून सुरू होते. मग उपाय सुचला तो शेतकऱ्याला सुचावा असा: शिरेच्या तोंडाभोवती कुंपण घाला. तिथल्या स्नायूचं एक कडं मारून टाकलं की मेलेल्या स्नायूतून वीज जात नाही. ठिणगी शिरेतच उडत राहील, पण आग कप्प्यात येणार नाही.

कुंपण घालायचे दोन मार्ग रुळले, भाजून किंवा गोठवून. भाजणं हे रेडिओलहरींनी होतं, सुईच्या टाक्यासारखं एकेक ठिपका जोडत. गोठवण्याच्या मार्गात फुगा शिरेच्या तोंडावर बुचासारखा बसवतात आणि अख्खं कडं एकदम गोठवतात. २०१६ साली या दोन्हींची सरळ तुलना छापून आली. युरोपातल्या त्या अभ्यासात ७६२ रुग्ण होते आणि त्याचं नाव चक्क ‘फायर अँड आइस’, आग आणि बर्फ. गुण जवळजवळ सारखेच आले.

गोठवण्याची विद्या तशी आपल्या गल्लीतली. कुल्फीवाला माठात बर्फ भरतो आणि त्यात खडे मीठ टाकतो, कारण नुसत्या बर्फानं कुल्फी धरत नाही. मीठ पडलं की मिश्रण शून्याच्या बरंच खाली, उणे वीसच्या आसपास जातं. इंग्लंडमधल्या ब्रायटनचे डॉक्टर जेम्स आर्नॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हेच मिश्रण गाठींवर लावून त्या गोठवल्या, आणि आपलं उपकरण १८५१च्या लंडनमधल्या मोठ्या प्रदर्शनात मांडलं. शंभरेक वर्षांनी, १९६०च्या सुमारास, न्यूयॉर्कचे शल्यविशारद आयर्विंग कूपर यांनी द्रवरूप नायट्रोजन नळीतून नेऊन कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूतला नेमका ठिपका गोठवला. त्यांची एक युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. आधी तो ठिपका थोडासाच गार करायचा. रुग्ण जागा असतो, त्याला हात पुढे करायला सांगायचं. थरथर थांबली तर जागा बरोबर, मग पूर्ण गोठवायचं. भलतंच काही झालं तर परत ऊब येऊ द्यायची, जणू काही घडलंच नाही.

हृदयातही ही सोय आहे आणि भाजण्यात ती नाही. मघाशी म्हटलं ती मधली चौकी, वरून खाली लाट जाऊ देणारी, तिच्या अगदी लगत काही रुग्णांमध्ये एक चोरवाट असते. ती बंद करताना चौकीलाच इजा झाली तर आयुष्यभर पेसमेकर. अशा ठिकाणी डॉक्टर टोकाला उणे तीसच्या आसपास आणून थोडा वेळ थांबतात. स्नायू बधिर होतो, मरत नाही. चौकी डगमगते असं दिसलं की लगेच थंडी बंद, आणि ती पुन्हा शुद्धीवर येते. लहान मुलांमध्ये म्हणूनच अनेक डॉक्टर गोठवणं पसंत करतात. विज्ञानात ‘आधी करून पाहू, नाही जमलं तर मागे घेऊ’ अशी संधी फार क्वचित मिळते. आम्हाला कवितेची ओळ खोडता येते. शस्त्र चालवणाऱ्याला ती चैन नाही.

पण श्रोतेहो, हीच या उपचारातली मेख आहे. जो स्नायू बधिर झाला तो आणि जो मेला तो, दोघंही त्या घटकेला सारखेच गप्प असतात. डॉक्टरांच्या पडद्यावर शिरेतली वीज थांबलेली दिसते. कडं पूर्ण झालं असं वाटतं. त्यातले काही पेशी मात्र नुसते गारठलेले असतात. दिवसांनी, महिन्यांनी ते जागे होतात, कुंपणाला भोक पडतं आणि ढोलकी पुन्हा सुरू होते.

हे दोघं ओळखायचे कसे? ऊतक मरण्यासाठी नुसतं गोठून भागत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर मेझर यांनी १९६३ साली याचं गणित मांडलं. थंडी सावकाश आली तर बर्फ आधी पेशींच्या बाहेर होतो. तो आतलं पाणी ओढून घेतो आणि पेशी खारवलेल्या मासळीसारखी सुकते. थंडी झपाट्यानं आली तर पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, बर्फ पेशीच्या आतच धरतो आणि तिचं अंतरंग फाडतो. पुढं असंही दिसलं की वितळण्याचा काळही घातक असतो, कारण बारीक स्फटिक एकमेकांना मिळून मोठे होतात. हृदयाच्या स्नायूची खात्री द्यायची तर साधारण उणे चाळीसपर्यंत जावं लागतं. बर्फ धरायला लागतो मात्र उणे एक-दोनलाच. म्हणजे जिथं बर्फाची कड दिसते तिथं मरणाची कड नसते. मरणाची कड त्याच्या आत, कुठंतरी काही मिलिमीटरवर. या दोन कडांच्या मधला जो पट्टा आहे त्यात काही जगणार, काही मरणार. आणि डाव्या वरच्या कप्प्याची भिंतच मुळी जेमतेम दोन-चार मिलिमीटर जाड.

तुम्ही म्हणाल, थर्मामीटर लावा. मीही भाच्याला हेच म्हणालो. त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी वहीतला मजकूर दोनदा अधोरेखित केला. फुग्यात द्रवरूप नायट्रस ऑक्साइड फवारतात. दंतवैद्य वापरतात तोच हा हसवणारा वायू. माठातलं पाणी झिरपून उडतं आणि माठ गार होतो, तसं ते द्रव उडताना भोवतालची उष्णता ओढून घेतं. पडद्यावर उणे ४५, उणे ५० असे आकडे येतात. पण तो आकडा असतो फुग्यातून परत येणाऱ्या वायूचा. स्नायूचा नव्हे. स्नायूत कुणी तापमापक खुपसलेलाच नसतो. तेव्हा भिंतीच्या आत तिसऱ्या मिलिमीटरला काय चाललंय हे कळायला एकच वाट उरते, हिशेब.

या हिशेबाचे दोन आजोबा आहेत. पहिले जोसेफ स्टेफान, व्हिएन्नाचे. यांचा बर्फ हृदयातला नव्हे, उत्तर ध्रुवाच्या समुद्रातला. ध्रुवीय मोहिमांनी मोजून आणलेले बर्फाच्या जाडीचे आकडे घेऊन त्यांनी १८९०च्या सुमारास एक प्रश्न सोडवला: बर्फाचा थर वाढतो तो कोणत्या वेगानं? अडचण अशी की पाणी शून्याला आलं म्हणून गोठत नाही. गोठताना ते आणखी बरीच उष्णता बाहेर टाकतं. एक ग्रॅम पाण्यामागे सुमारे ऐंशी कॅलरी. तेवढं पाणी ऐंशी अंशांवरून शून्यावर आणायला जितकी काढावी लागते तितकीच. ही उष्णता आधीच जमलेल्या बर्फातून बाहेर पडायची, म्हणजे थर जितका जाड तितकी वाट लांब. उत्तर आलं की दुप्पट जाडीला चौपट वेळ लागतो. हे स्टेफान तरुणपणी कविताही करत, स्लोव्हेन भाषेत, आणि त्या छापूनही आल्या होत्या. घरची भाषा स्लोव्हेन, विज्ञान जर्मनमध्ये. घरी एक भाषा आणि कागदावर दुसरी, हा संसार मला ओळखीचा आहे, म्हणून हा तपशील सांगितला. बाकी त्याचा बर्फाशी काही संबंध नाही.

दुसरे आजोबा अमेरिकेतले हॅरी पेनेस. त्यांनी १९४८ साली माणसांच्या हातात, कोपराच्या पुढच्या भागात, बारीक तापमापक तारा ओवून आतलं तापमान मोजलं आणि एक समीकरण दिलं. त्यात नवं होतं ते रक्त. जिवंत मांसात रक्त सतत ऊब आणून टाकत असतं. माझ्या भाच्यानं आणि त्याच्या मित्रांनी आधी जेलीत आणि मग खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या ‘दिल’मध्ये गोठवण्याचे प्रयोग केले. घरात त्यावरून बरीच थट्टा झाली. पण त्यातून कळलं काय, तर मेलेलं हृदय लौकर गोठतं. त्याला कुणी ऊब देत नाही. जिवंत हृदयात बर्फाचा आणि रक्ताचा सामना चालतो, आणि एका टप्प्यावर बर्फाची वाढ थांबते. तिथून पुढं घड्याळ कितीही फिरलं तरी कड फारशी सरकत नाही.

संगणक काय करतो, तर हृदयाच्या भिंतीचे, फुग्याचे, रक्ताचे आणि शेजारच्या अवयवांचे लाखो बारीक तुकडे पाडतो. मग क्षणाक्षणाला प्रत्येक तुकड्याचा जमाखर्च मांडतो. शेजाऱ्याकडून किती उष्णता आली, किती गेली, रक्तानं किती दिली, गोठण्यापायी किती सुटली. किराणा दुकानदाराच्या वहीत असतो तसाच हा हिशेब, फक्त गिऱ्हाइकं लाखो आणि नोंद सेकंदाच्या अंशाअंशाला. त्यातही खोड्या आहेत. गोठलेला तुकडा उष्णता आधीपेक्षा कितीतरी वेगानं वाहून नेतो, म्हणजे हिशेब चालू असताना हिशेबाचे नियमच बदलतात. शेवटी पडद्यावर रंगांचं चित्र येतं. लाल भाग उबेत, निळा गोठलेला, आणि त्यात उणे चाळीसची ती रेघ.

अशा चित्रांतून जे दिसतं त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. फुगा शिरेच्या तोंडावर बरोबर बसला नाही, एका बाजूला फट राहिली, तर तिथून ३७ अंशांचं रक्त वाहत राहतं. पडद्यावरचा आकडा चांगला दिसला तरी फटीच्या बाजूला भिंत गोठतच नाही, किंवा नुसती गारठते. कुंपणाचं भोक नेमकं तिथं. म्हणून डॉक्टर थंडी सुरू करण्याआधी शिरेत रंगद्रव्य सोडून गळती पाहतात. फुग्याची थंडी वाढवण्यापेक्षा फुगा नीट बसवणं मोलाचं, हे अनुभवानं हातांना ठाऊक होतं. हिशेबानं त्याचं कारण दाखवलं.

दुसरी गोष्ट वेळेची. गोठवायचं किती मिनिटं? सुरुवातीला चार मिनिटं, तीही दोनदा, असा रिवाज होता. २०१९ साली कॅनडातल्या ३४६ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. एका गटाला चार-चार मिनिटांची थंडी, दुसऱ्याला दोन-दोन मिनिटांची, तिसऱ्याला भाजण्याचा उपचार. प्रत्येकाच्या छातीत त्वचेखाली नोंद ठेवणारं यंत्र बसवलेलं, त्यामुळे लपवाछपवीला जागा नाही. वर्षभर एकदाही ताल न चुकलेले रुग्ण तिन्ही गटांत निम्म्याहून जरा जास्त. बेताल वेळ मात्र सगळ्याच गटांत ९८ टक्क्यांहून अधिक घटलेला. म्हणजे दोन मिनिटं आणि चार मिनिटं यांत म्हणण्यासारखा फरक नाही. पातळ भिंतीत कड लौकरच आपल्या जागी पोचत असेल, तर पुढची मिनिटं भिंतीच्या पलीकडं जाणार. पलीकडं काय असतं? मागं अन्ननलिका. उजवीकडच्या वरच्या शिरेजवळून जाते ती श्वासपटल हलवणारी नस. ती गारठली तर श्वासपटलाची एक बाजू लुळी पडते. ‘फायर अँड आइस’मध्ये गोठवलेल्यांपैकी २.७ टक्के रुग्णांना घरी जाताना हा त्रास होता. बहुतेकांचा तो पुढं जातो, पण तोवर दम लागतो. यावर डॉक्टरांची तोड साधी आणि मला फार आवडलेली. त्या शिरेत गोठवताना ते विजेनं नसेला ठोके देतात आणि कुणीतरी रुग्णाच्या बरगडीखाली हात ठेवून उभं राहतं. श्वासपटल हाताला टुचकन लागतं. ते मंदावलं की हात ठेवणारा ओरडतो आणि थंडी तत्क्षणी बंद. एवढी यंत्रं असलेल्या खोलीत शेवटचा निवाडा एका तळहाताचा.

रंगीत तालमीचा दुसरा अंक विजेचा. भोक राहिलंच तर त्यातून लाट कशी निसटेल, हे पाहायला हृदयाच्या विजेचंही गणित लागतं. ते लंडनमध्ये डेनिस नोबल नावाच्या विद्यार्थ्यानं पहिल्यांदा संगणकावर मांडलं आणि १९६० साली छापलं. तेव्हा विद्यापीठात मोठा संगणक एकच, आणि या पोराला वेळ मिळाली पहाटे दोन ते चार. त्या एका पेशीपासून आज गोष्ट कुठं आली पाहा. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नतालिया ट्रायानोव्हा यांच्या चमूनं रुग्णाच्या एमआरआयवरून त्याच्याच हृदयाची प्रतिकृती संगणकात उभारली, तिच्यात आधी उपचार करून पाहिला आणि मग खऱ्या हृदयात केला. २०१९ साली हे छापून आलं. रुग्ण फक्त दहा होते आणि उपचार भाजण्याचा होता, तेव्हा फार हुरळून जाऊ नये. पण वाट कोणती, ते कळलं.

आता माझी शंका. या तालमीत हृदय कुणाचं? समीकरणात भिंतीची जाडी, रक्ताचा वेग, कप्प्याचा आकार भरावा लागतो, आणि तो प्रामुख्यानं युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांकडून आलेला आहे. आपल्याकडे फिब्रिलेशनचं एक मोठं कारण वेगळंच. लहानपणी घसा दुखून सांधेताप येतो, त्यात हृदयाची झडप खराब होते, आणि वरचा कप्पा वर्षानुवर्षं ताणून फुगत जातो. भारतीय डॉक्टरांनी २०११-१२च्या सुमारास दीड हजारांवर रुग्णांची नोंद केली तेव्हा त्यात जवळपास निम्मे अशा झडपेच्या आजाराचे निघाले, आणि सरासरी वय पंचावन्नच्या आसपास. दाटीवाटीच्या घरात राहणाऱ्या गरिबांचा हा आजार. फुग्याच्या मोठ्या चाचण्यांतून असले रुग्ण बहुधा वगळलेले असतात. त्यांचे ताणलेले, डागाळलेले कप्पे कसे गोठतात याचा हिशेब त्यांच्याच हृदयांवरून मांडायला हवा. भाच्यासारखी पोरं इथल्या संस्थांमधून बाहेर पडतात. त्यांना इथल्या रुग्णालयांतले आकडे मिळाले तर ती हे काम करू शकतील. त्याला प्रकल्पासाठी आकडे हवे होते तेव्हा एका मोठ्या रुग्णालयानं चार महिने फेऱ्या मारायला लावून शेवटी नाही म्हटलं. त्यानं परदेशी लेखांतले आकडे घेतले. दुसरं काय करणार?

एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर जाणकार श्रोते पत्रं पाठवतील. गोठवणं आणि भाजणं दोन्हींना आता तिसरा प्रतिस्पर्धी आला आहे. विजेच्या अतिसूक्ष्म, जोरदार झटक्यांनी पेशींच्या आवरणाला भोकं पाडायची. यात अन्ननलिकेला आणि नसेला धोका कमी दिसतो. २०२३च्या अखेरीस आणि २०२४च्या सुरुवातीला अमेरिकेत याला परवानगी मिळाली आणि तो झपाट्यानं पसरतो आहे. मी भाच्याला म्हणालो, म्हणजे तुझा बर्फ वितळला की रे. तो म्हणाला, “मामू, तिथंही हाच प्रश्न आहे. झटक्यानं बधिर झालेली पेशी कुठली आणि मेलेली कुठली? रेघ कुठं काढायची?” शिवाय मूत्रपिंडाच्या, यकृताच्या गाठींसाठी गोठवणं आहेच, आणि तिथंही बर्फाची कड आणि मरणाची कड वेगळ्या आहेत.

आपाचा उपचार झाला. फुग्यानंच. आधीच्या रात्री मी तिला हे सगळं जमेल तसं सांगितलं. माठ, कुल्फी, कुंपण. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे ते मेलं की झोपलं, हे त्यांनाही लगेच कळणार नाही?” मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, “मग ठीक. तसं सांगायचं ना आधीच.”

उपचारानंतरचे पहिले काही आठवडे डॉक्टर निकालात धरत नाहीत. आधी तीन महिने धरत नसत, २०२४च्या आंतरराष्ट्रीय सूचनांनी ते आठ आठवड्यांवर आणले. या काळात सुजेमुळेही हृदय धडधडू शकतं. आपाचे सहा आठवडे झाले आहेत. मधे एका रात्री ढोलकी वाजली, पंधरा मिनिटं. तिनं कुणाला उठवलं नाही, सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. भाच्यानं वेळ लिहून घेतली. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालूच आहे, ती स्वतःच्या मनानं बंद करायची नाही हे डॉक्टरांनी दोनदा बजावलंय. आणखी दोन आठवड्यांनी तिच्या छातीवर चोवीस तास नोंद घेणारं यंत्र लावतील.